दुकानदाराला नोटीस, मोठ्यांना दोन भाव?

आमच्या पेठेतल्या दुकानदाराचे जीएसटीआर-१ आणि ३बी चे आकडे जुळले नाहीत की पोर्टलवरून नोटीस येते. येऊ दे, हिशेब जुळलाच पाहिजे. पण मोठ्यांचा हिशेब कोण जुळवतो?

समजा, बहुराष्ट्रीय कंपनीने आपल्याच परदेशी मूळ कंपनीकडून सुटा भाग आणला. बंदरावर किंमत सांगितली ८० रुपये, सीमाशुल्क भरलं ८० वर. वर्षअखेरीस 'किमतीतला फरक' म्हणून मूळ कंपनीला आणखी २० रुपये दिले. आयकरात खर्च दाखवला १००, म्हणजे इथला नफा कमी. या २० रुपयांची खबर कस्टमला दिलीच नाही, तर सरकारला दोन्हीकडून चुना!

गंमत बघा, आयकर आणि कस्टम दोन्ही एकाच अर्थ मंत्रालयाखाली. तरी आयातीची किंमत एकाला कमी हवी, दुसऱ्याला जास्त. यात प्रामाणिक कंपनीही भरडली जाते.

अमेरिकेने १९८६ मध्येच कायदा केला: संबंधित कंपनीकडून आणलेल्या मालाची किंमत कस्टमला सांगितली त्यापेक्षा जास्त आयकरात धरता येणार नाही. आपल्याकडे असं थेट बंधन का नाही? खासदारसाहेब, रस्त्याच्या उद्घाटनातून वेळ मिळाला तर संसदेत एवढं विचारा.

एक माल, एक भाव. दुकानदाराला लागू, तर कंपनीलाही लागू. पटलं तर शेअर करा.