अठरा बेअरिंगचा बाजार

मासेमारीच्या ज्या रीलच्या डब्यावर बेअरिंगचा आकडा कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, ते रील घेऊ नये. एवढं सांगून हा लेख संपवता आला असता. पण हल्ली हौशी गळवाल्यांची नवी पिढी हाच आकडा वाचून रील घेते, आणि त्यांना तो वाचायला शिकवणारे मोबाईलवरचे गुरुजी गल्लोगल्ली झालेत. म्हणून जरा सविस्तर लिहिणं भाग आहे.

ज्या रीलची इथं परीक्षा घेतली, ते बेटकास्टर जातीचं आहे. बुटकं, काळ्या अंगावर लाल पट्टे. माथ्यावर छोटा पडदा, त्यावर किती मीटर दोरा गेला याचा आकडा. पडद्याशेजारी नखाएवढी सौर पट्टी. शिवाय मासा लागला की वाजणारा भोंगा. डब्यावर 18+1 बेअरिंग, 7.2:1 गिअर आणि 10 किलो ड्रॅग. किंमत तीन हजारांच्या आत. नाव सांगून उपयोग नाही, कारण हाच साचा रंग बदलून वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. मला भांडायचंय ते साच्याशी.

परीक्षा घेतली ती कुही तालुक्यात, अंभोऱ्याजवळ. वैनगंगेवर पवनी तालुक्यात गोसेखुर्दचं धरण झालं. पायाभरणी 1988 सालची, राजीव गांधींच्या हातची. त्याचं बॅकवॉटर कुहीच्या शिवारात शिरलं. पर्यटक चैतन्येश्वराचं दर्शन घेतात, नव्या केबलच्या पुलावर फोटो काढतात आणि परत जातात. गळ टाकणाऱ्याला मात्र दुसरंच पाणी दिसतं. कडेला बुडालेल्या बाभळींची खोडं, गढूळ उथळ पट्टे आणि जलपर्णी. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं, त्या खतावर ही जलपर्णी माजते. तिच्या कडेला मरळ दबा धरून असते. मासेमारीचा ठेका ज्या संस्थेचा आहे तिला विचारून इथं गळ टाकायचा, आणि रबरी बेडूक जलपर्णीवरून ओढत आणायचा. त्यासाठी बेटकास्टर हे अगदी योग्य हत्यार आहे. म्हणजे या रीलला मी परकं मैदान दिलं नाही. ज्या कामासाठी ही जात जन्मली, तेच काम दिलं.

आता बेटकास्टरची मूळ अडचण काय, ते आधी सांगतो, कारण डबा ते सांगत नाही. साध्या स्पिनिंग रीलमध्ये फेकताना स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली चकरी, जागेवर स्थिर असतं आणि दोरा त्याच्या कडेवरून सुटत जातो. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतं. आमिष सुटताना ताशी 90 किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला 25 मीटरनं निघालं आणि स्पूलचा एक फेरा साधारण 10 सेंटिमीटर दोरा सोडत असेल, तर स्पूलला सेकंदाला अडीचशे फेरे घ्यावे लागतात. मिनिटाला पंधरा हजार. पुढच्याच क्षणाला हवा आमिषाला अडवते, आमिष मंदावतं, पण स्पूलला ते कळत नाही. विहिरीवर बादली पाण्याला टेकली तरी रहाट गरगरत राहावा आणि दोर ढिला पडून गुंतावा, तसं होतं. अंगठ्यानं स्पूल वेळेवर दाबलं नाही, तर रीलच्या पोटात असा गुंता होतो की कात्रीशिवाय सुटत नाही.

तेव्हा बेटकास्टर बनवणाऱ्यासमोर प्रश्न एकच असतो: फिरणारं स्पूल आमिषाच्या चालीनं मंद कसं करायचं? बाकी सगळं नंतरचं. त्याची चांगली उत्तरं आहेत. केंद्रापसारी ब्रेकमध्ये स्पूलवरचे छोटे ठोकळे वेगानं बाहेर फेकले जातात आणि कड्यावर घासतात. वेग दुप्पट झाला की घर्षण चौपट, म्हणून सुरुवातीला, धोका जास्त असतो तेव्हा ब्रेक जोरात लागतो आणि पुढे आपोआप सैल होतो. चुंबकी ब्रेकमध्ये फिरत्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्पूलमध्ये वीज उमटते आणि तीच त्याला रोखते. इथं रोध वेगाच्या सरळ प्रमाणात असतो, त्यामुळे फेक संपत आली तरी चुंबक मागून ओढतच राहतो. डायवाच्या काही रीलांत यावर तोड आहे: वेग वाढला की स्पूलचा एक भाग सरकून चुंबकात जास्त शिरतो, आणि वेग घटला की स्प्रिंग त्याला मागे घेते. शिमानोनं तर छोटी संगणकी चिप बसवली. तिला लागणारी वीज स्पूलच्या फिरण्यातूनच तयार होते, बॅटरी लागत नाही. महाग आहे, फेकताना किंचाळतं, पण प्रश्नाला धरून आहे.

आता आपल्या रीलचं झाकण उघडू. आत एका कड्यावर बसवलेले गोल चुंबक. बाहेरची कळ फिरवली की कडं स्पूलच्या जरा जवळ येतं किंवा जरा लांब जातं. सरकणारा भाग नाही, ठोकळे नाहीत. ब्रेकचं खातं इथंच संपलं. स्पूल हातात घेतलं तर या वर्गाच्या मानानं जड, आणि त्याच्या एका कडेवर, हो, एकाच कडेवर, चुंबकाचा एक तुकडा चिकटवलेला. तो कशासाठी? मीटर मोजायला. दर फेऱ्याला तो तुकडा संवेदकासमोरून जातो आणि पडद्यावरचा आकडा वाढतो. मिनिटाला पंधरा हजार फेरे घेणाऱ्या चाकाच्या एका बाजूला वजन चिकटवायचं आणि दुसऱ्या बाजूला तोल साधायला काही ठेवायचं नाही, हा विचार ज्या टेबलावर झाला, त्या टेबलावरच्या कोणी रील कधी फेकलं नसणार. फेकताना ते अंगठ्याखाली थरथरतं. ती थरथर हाताळणी नीट नसल्याची नव्हे, घडणीची आहे.

परिणाम पाण्यावर लगेच दिसतो. हिवाळ्यात ईशान्येचं वारं तोंडावर येतं. दहा ग्रॅमचा बेडूक, कळ कमी ठेवली की गुंता. वाढवली की बेडूक जलपर्णीच्या अलीकडे, मोकळ्या पाण्यात थबकतो, जिथं मरळ नसते. मधल्या खुणांवर काम भागेल असं वाटतं, पण वारा जरा बदलला की तीच खूण निरुपयोगी. कारण या ब्रेकला फेकीची सुरुवात आणि शेवट यांतला फरक कळत नाही. त्या पैशांत केंद्रापसारी ठोकळे सहज बसले असते. ते पैसे पडद्यात गेले.

आणि पडदा तरी खरं बोलतो का? स्पूल भरलेलं असताना व्यास 34 मिलिमीटर धरा: एका फेऱ्याला जवळपास 10.7 सेंटिमीटर दोरा. दोरा बराच सुटून व्यास 26 वर आला, की तोच फेरा 8.2 सेंटिमीटरचा. मोजणी फेऱ्यांची आणि आकडा मीटरचा, मग तो चुकणारच. मशीनमध्ये दुरुस्तीची सोय आहे. दोरा भरताना मोजून नोंदवायचा. पण मोजायचा कशाला? अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत चालत्या बोटीमागे खोल पाण्यात आमिष ओढतात, तिथं किती दोरा बाहेर आहे हे कळणं गरजेचं असतं, आणि तिथं असली रील वर्षानुवर्षं वापरात आहेत. अंभोऱ्याच्या काठावर उभं राहून बेडूक फेकणाऱ्याला तो कुठं पडला हे डोळ्यांनी दिसतं. दिसणारी गोष्ट चुकीच्या आकड्यात सांगणाऱ्या पडद्याचे पैसे आपण का मोजायचे?

भोंग्याची गोष्ट याहून वरताण. भोंगा लागतो तो रॉड काठावर टेकवून चहा पिणाऱ्याला, कणकेचा गोळा लावून रोहूची वाट बघणाऱ्याला. बेटकास्टर हातात धरून सतत फेकायचं असतं; मरळ बेडकावर तुटून पडते तेव्हा पाणी फुटल्याचा आवाज येतो आणि मनगटाला झटका बसतो. तिथं भोंगा कोणाला उठवणार? उलट जलपर्णीत दोरा अडकला की तो वाजतो, लाटेनं ओढला की वाजतो. पलीकडे डोंग्यावर जाळं ओढणाऱ्या ढिवर भाऊंनी अखेर विचारलंच, "भाऊ, थे काहून बोंबलून राह्यलं? मासोळी त नाही लागली!" प्रश्न रास्त होता. उत्तर रील बनवणाऱ्यांनी द्यावं.

इथं या रीलचं खरं दुखणं उघडं पडतं. त्याचा भोंगा काठावर पडून राहायच्या मासेमारीचा, मीटर बोटीमागून ओढायच्या मासेमारीचा आणि अंग मात्र आमिष फेकायच्या मासेमारीचं. कोणती मासेमारी करायची हेच त्यानं ठरवलेलं नाही, कारण त्याला ते ठरवायचंच नव्हतं. त्याला फक्त दोन रीलांच्या तुलनेच्या तक्त्यात जास्त रकाने भरायचे होते. तक्ता जिंकण्यासाठी काढलेला आराखडा पाण्यावर हरला, तर नवल काय?

आता तो प्रसिद्ध अठराचा आकडा. बेटकास्टरच्या फेकीत कामाला येणाऱ्या बेअरिंग मुख्यतः दोन: स्पूलच्या दोन टोकांच्या. आणखी एखादी पिनियनला, म्हणजे स्पूल फिरवणाऱ्या छोट्या गिअरला, एखादी मुठीच्या दांड्याला असली तर ओढ सुरळीत होते. मुठीच्या टोकांच्या पकडींत चार घातल्या तर बोटांना बरं वाटतं. +1 म्हणजे मूठ उलटी फिरू न देणारा एकमार्गी क्लच. बाकीच्या जिथं भोक सापडलं तिथं बसवलेल्या. आणि ज्या दोघींवर सगळं अवलंबून, त्या किती चांगल्या? थोडा गाळ, थोडा पाऊस, आणि त्या खरखरायला लागल्या. अठरा वाईट बेअरिंगपेक्षा दोन चांगल्या बऱ्या, हे गणित सायकल दुरुस्त करणाऱ्या पोरालाही कळतं. कळत नाही ते बेअरिंग मोजून गुण देणाऱ्या परीक्षकांना.

10 किलो ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोऱ्याला मिळणारा रोध, तर निव्वळ शब्दांचा खेळ. तेवढा रोध ड्रॅग देईलही, पण अंगाचं काय? साचा प्लास्टिकमिश्रित. मरळ जलपर्णीत घुसली की तिला सैल सोडायचं नसतं. ड्रॅग आवळून, जाड विणीच्या दोऱ्यावर, पानांसकट खेचून काढावं लागतं. त्या ताणात हे अंग पिळतं, गिअर एकमेकांवरून सरकतात आणि मूठ दळल्यासारखी फिरते. दोन गोष्टी मात्र मान्य: मूठ लांब आहे, आणि 7.2 चा वेग ढिला दोरा चटकन आत घ्यायला कामाचा आहे. पण तोही स्पूल भरलेलं असेपर्यंत. भरल्या स्पूलला मुठीच्या एका फेरीत 77 सेंटिमीटर, बरंच रिकामं झालं की 59. हे डब्यावर कोणी लिहीत नाही.

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं: "नवशिक्यासाठी आहे, एवढ्या पैशात एवढंच." चूक. नवशिक्याला तर चांगला ब्रेक सगळ्यात जास्त लागतो, कारण त्याचा अंगठा अजून तयार झालेला नाही. त्याला भोंगा देऊन ब्रेक काढून घेणं ही फसवणूक आहे. चार सहली गुंते सोडवण्यात गेल्या की तो बेटकास्टर कायमचं माळ्यावर टाकतो आणि सांगत सुटतो की ही जातच वाईट.

दुसरं उत्तर: "नवीन काही करायचंच नाही का?" करायचं ना! गळाचा इतिहास चमत्कारिक रीलांनीच पुढे गेला. स्कॉटलंडमधल्या पर्थच्या पीटर मॅलॉकनं 1884 मध्ये अख्खं स्पूल नव्वद अंशांत वळवणारं रील काढलं. फेकताना स्पूल आडवं, ओढताना सरळ. त्यामुळे दोऱ्याला पीळ पडायचा, पण गुंत्याचा प्रश्न त्यानं समोरून भिडून सोडवला. इंग्लंडमधल्या इलिंगवर्थनं 1905 मध्ये स्थिर स्पूलच्या रीलचं पेटंट घेतलं. तो कापडाच्या धंद्यातला माणूस होता, कांडीवरून सूत कसं सुटतं हे त्याला ठाऊक होतं. टेक्सासचा घड्याळजी आर. डी. हल याची झाकणबंद स्पूलची कल्पना तेलविहिरींसाठी स्फोटकं बनवणाऱ्या टल्साच्या झीरो अवर बॉम्ब कंपनीनं उचलली आणि 1949 मध्ये झेब्को रील बाजारात आलं. यांतला प्रत्येक जण विक्षिप्त होता. पण प्रत्येकाच्या विक्षिप्तपणामागे एक नीट मांडलेला प्रश्न होता, आणि उत्तराची किंमत त्यांनी लपवली नाही. आपल्या रीलला प्रश्नच नाही, नुसते दागिने आहेत.

सगळा दोष कारखान्यावर टाकूनही चालणार नाही. कारखाना तेच बनवतो जे खपतं. डबा उघडायचा, टेबलावर मूठ फिरवायची, "बघा किती स्मूथ" म्हणायचं आणि खाली दुकानाचा दुवा द्यायचा, याला परीक्षण म्हणणाऱ्यांनी हा माल खपवलाय. वारा नाही, दहा ग्रॅमचं आमिष नाही, ओला दोरा नाही, एक हंगाम वापरल्यानंतरचं बोलणं तर दूरच. आणि ते बघून पैसे मोजणारे आपण. स्पूल मोडलं तर सुटं मिळत नाही, क्लच गेला तर पूर्ण रील कचऱ्यात. नागपूरच्या दुकानात विचारा, सुट्या भागांच्या नावानं हात वर होतात.

म्हणून दुकानात गेलात की पडदा बघू नका. बाजूचं झाकण उघडायला सांगा. ब्रेक कोणत्या जातीचा, ते बघा. स्पूल तळहातावर घेऊन वजन अजमावा. अंग धातूचं की प्लास्टिकचं ते विचारा, आणि स्पूलच्या दोन बेअरिंग सुट्या मिळतील का, हे तर नक्की विचारा. दुकानदार अठराचा पाढा म्हणायला लागला तर पैसे खिशातच ठेवा. तेवढ्याच पैशांत पडदा नसलेलं, भोंगा नसलेलं, साधं दणकट स्पिनिंग रील येतं, आणि अंभोऱ्याची मरळ त्यावरही निघते.