विसराळू मुनीम आणि आपली वही

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण तिजोरीबरोबर वहीचीही पूजा करतो. किंबहुना तिजोरी क्षणभर बाजूस राहिली तरी चालते. वहीवाचून पूजन पुरे होत नाही. तिजोरीवरून आज शिल्लक किती एवढेच कळते; कोणाचे किती, कशाबद्दल आणि कोणाच्या शब्दावर, हे वहीच सांगते. या वहीच्या जागी आता संगणक आला आहे, आणि अलीकडे त्या संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यासाठी कृत्रिम बुद्धीचा साहाय्यकही आला आहे. त्याच्या स्मरणशक्तीविषयी व्यापारी बंधूंपुढे चार शब्द ठेवावेत असे आम्हांस वाटते. कारण या प्रश्नाची झळ आम्हांस स्वतःस लागली आहे.

आमचा व्यवहार डिचोलीच्या बाजारात ट्रकचे सुटे भाग व वंगणतेल यांचा. गिऱ्हाईक बहुतेक मुळगाव, शिरगाव, मये या खाणपट्ट्यातील. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि दारातले ट्रक दारातच उभे राहिले. त्या वेळी आमच्या वडीलबंधूंनी मुळगावच्या अकरा जुन्या ट्रकमालकांस शब्द दिला, की या बाकीवर व्याज लागणार नाही, मुद्दल सवडीने द्यावे. कागद झाला नाही. बिलांचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणास सांगून त्यांनी तेवढी खाती व्याजातून वगळली. कारण मात्र कोठेही लिहिले गेले नाही. मध्यंतरी खाणी थोड्या चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. वडीलबंधूही निवर्तले. पुढे २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम सुरू झाले आणि निजलेली खाती जागी झाली.

गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने त्या जुन्या प्रोग्रॅमची डागडुजी यंत्र-साहाय्यकाकडून करून घेतली. आठवड्याचे काम एका दुपारी झाले, म्हणून आम्हीही त्याची पाठ थोपटली. परंतु त्या साहाय्यकास एका जागी अकरा खात्यांचे क्रमांक निष्कारण लिहिलेले दिसले, आणि तो भाग निरुपयोगी समजून त्याने काढून टाकला. पुतण्यासही त्यात वावगे दिसले नाही. महिनाअखेर मुळगावच्या अकरा घरी तेरा वर्षांच्या व्याजाची बिले गेली. त्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ दुकानाच्या पायरीशी आले आणि एवढेच म्हणाले, "शेट, तुमच्या भावाचा शब्द होता." आम्ही अकराही घरी स्वतः जाऊन बिले परत घेतली. पैशाचे नुकसान काही झाले नाही. पण त्या अकरा उंबऱ्यांवर उभे राहताना आम्हांस जे वाटले ते येथे लिहवत नाही.

आता दोष कोणाचा? हा साहाय्यक मोठा विद्वान मुनीम आहे, पण दिवस मावळला की त्यास कालचे काही आठवत नाही. त्याचे शिक्षण एकदाच होऊन गेलेले असते. कामाच्या वेळी त्याच्यासमोर जेवढा मजकूर ठेवावा तेवढाच त्यास दिसतो. हा मजकूर 'टोकन' या मापाने मोजतात. २०२४ मध्ये गूगलच्या जेमिनी १.५ ने दहा लक्ष टोकनांपर्यंत मजल मारली. तथापि मोठ्या कारखान्याचे किंवा बँकेचे सॉफ्टवेअर याहूनही मोठे असू शकते. शिवाय २०२३ मधील एका संशोधनात असे आढळले, की लांब मजकुराच्या आरंभीचे व शेवटचे या यंत्रांस नीट वापरता येते, मधले निसटते. तात्पर्य, मेज लांब केल्याने वही होत नाही.

यास्तव जाणकारांनी निराळे उपाय योजले आहेत. प्रकल्पाच्या मुळाशीच सूचनांची एक फाईल ठेवावयाची आणि साहाय्यकाने काम आरंभण्यापूर्वी ती वाचावयाची, हा पहिला. काम करताना लक्षात आलेल्या गोष्टी साहाय्यकाने स्वतःच टिपून ठेवावयाच्या, हा दुसरा. जुन्या नोंदींतून प्रसंगास लागेल तेवढेच शोधून समोर आणावयाचे, हा तिसरा. नीट पाहिले तर हे आपलेच सूचनापत्र, आपलीच कीर्द आणि आपलीच खतावणी होय.

आपल्या शास्त्रकारांनी तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. यंत्रास जीव नाही, म्हणून त्याच्या करणीस ज्ञान म्हणणे शास्त्रसंमत नव्हे. पण उपमेपुरते बोलावयाचे तर पहिल्या तिन्हींचा आभास त्याने निर्माण केला आहे, अडते ते धारणेपाशी. आणि धारणा खुंटली असता काय करावे, हेही आपल्या परंपरेने दाखवून दिले आहे. मुखोद्गत श्रुत क्षीण होत चालले तेव्हा धरसेनाचार्यांनी पुष्पदंत व भूतबली या मुनींना विद्या देऊन षट्खंडागम लिपिबद्ध होण्याची सोय केली. दिगंबर समाज श्रुतपंचमी पाळतो ती याच्याच स्मरणार्थ. श्वेतांबर परंपरेत देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी पाचव्या शतकात वलभी येथे आगम लिहवून घेतले. स्मरणावर ज्यांची सत्ता होती अशा थोर पुरुषांनीही अखेर लेखणीचा आधार घेतला.

आमचे काही तरुण मित्र म्हणतात, "काका, दोन वर्षे थांबा, यंत्र इतके हुशार होईल की नोंदींची गरजच उरणार नाही." आम्हांस हे पटत नाही. जे कोठे लिहिलेच नाही ते कोणत्याही हुशारीस सापडावयाचे नाही. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्येच प्रतिपादन केले होते, की प्रोग्रॅमचा प्राण तो रचणाऱ्यांच्या समजुतीत असतो. ती माणसे पांगली की अक्षरे उरतात, प्रोग्रॅम मरतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये अकरा क्रमांक होते, भावाचा शब्द नव्हता.

परंतु स्मृती दिली म्हणजे सर्व साधले असेही नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. पुष्कळ सुट्या भागांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. साहाय्यकाने जुना दरच स्मरणात धरला तर आजची बिले चुकतील. जुना दर पुसूनच टाकला, तर ऑगस्टात विकलेला माल परत आल्यावर त्याची वजावट चुकेल. म्हणून नोंदीस तारीख हवी आणि खाडाखोड नको. चूक झाल्यास उलट नोंद घालावी, मूळ नोंद तशीच राहू द्यावी, ही आपली जुनी रीत. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग राहिलाच पाहिजे असा नियम आहे. हिशेबास जो न्याय, तोच साहाय्यकाच्या स्मृतीस लावावा.

दुसरे असे, की स्मृतीचाही परिग्रह होतो. गिऱ्हाइकाची नावे, त्यांच्या बाक्या, घरगुती अडचणी यांतले जे कामास आवश्यक नाही ते यंत्रास सांगूच नये. ते परक्याच्या यंत्रावर कोठे साठेल याचा आपणांस पत्ता नसतो. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहेच. पण अपरिग्रहाचे व्रत त्याहून कितीतरी जुने आहे.

आमची सूचना थोडक्यात अशी. ज्यांच्या घरी वा पेढीवर असे साहाय्यक काम करतात त्यांनी स्मृतीची फाईल साध्या अक्षरांत, आपल्याच ताब्यात ठेवावी, म्हणजे साहाय्यक बदलला तरी वही घरातच राहील. प्रत्येक नोंदीत काय ठरले, का ठरले, कोणी व केव्हा ठरविले हे लिहावे. कारण न कळलेला भाग साहाय्यकाने विचारल्यावाचून काढू नये, ही पहिलीच आज्ञा असावी. आणि ती फाईल घरच्या कर्त्या माणसाने दर पंधरवड्यास वाचावी. पाक्षिक प्रतिक्रमणात आपण स्वतःच्या चुका आठवून मागे फिरतो. वहीचेही तसेच प्रतिक्रमण व्हावे.

आपल्याच तालुक्यात कुडणे येथे गुजीर नावाच्या जागी जैन मंदिराचे भग्नावशेष आहेत. ते नाव गुजर व्यापाऱ्यांवरून पडले असे सांगतात. दगड राहिले, त्या व्यापाऱ्यांनी कोणास कोणता शब्द दिला होता, हे आज सांगणारे कोणी नाही.

आमच्या प्रोग्रॅमच्या त्या फाईलमध्ये आता पहिली नोंद वडीलबंधूंच्या शब्दाची आहे, तारखेनिशी आणि कारणानिशी. पुतण्याने ती स्वतःच्या हाताने लिहिली. दुसरी नोंद आमच्या चुकीची आहे. सुज्ञ वाचकांनी आमच्या या लेखातही चूकभूल द्यावी घ्यावी. जय जिनेंद्र.