वॅट सोडा, अँपिअर विचारा

कापडाच्या व्यापाऱ्याने गाडीतील विजेवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण आठवडा बाजार करणाऱ्यांची निम्मी दुकानदारी आता आवाजावर चालते. गाडी उभी करायची, गाणे लावायचे, मग चादरी-साड्यांचे भाव पुकारायचे. त्यासाठी घरच्या पोराने आमच्या व्हॅनला ॲम्प्लिफायर बसवून आणला. खोक्यावर ठळक आकडा : १००० वॅट.

दोन बाजार छान झाले. तिसऱ्या बाजारी चिपळूणहून निघताना भर पावसात गाडी सुरूच होईना. लोकांनी ढकलली तेव्हा कुठे निघाली. कुंभार्ली घाट चढताना दिवे मिणमिणू लागले आणि जळका वास आला. कोयनानगरला मिस्त्रीने पाहिले तर ॲम्प्लिफायरच्या तारेचे प्लास्टिक वितळून पत्र्याला चिकटलेले. फ्यूज नव्हताच! मागे सगळा सुती माल. पुढचे दोन बाजार बुडाले, पण आग लागली नाही, हीच कमाई मानली.

नंतर मिस्त्रीजवळ बसून हिशेब समजून घेतला. आम्ही धरणाच्या गावचे, म्हणून लवकर कळले. बॅटरी म्हणजे शिवसागर जलाशय. ती वीज साठवते, निर्माण करत नाही. पाऊस पाडतो तो इंजिनवर फिरणारा आल्टरनेटर. लहान गाडीत तो साधारण ५० ते ७० अँपिअरचा असतो, आणि इंजिन नुसते घुरघुरत उभे असले तर त्याहून बराच कमी देतो. आता ॲम्प्लिफायरचे पाहा. जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेतील जवळजवळ निम्मी उष्णतेत घालवतो. ४०० वॅटचा खरा आवाज पूर्ण जोरात हवा तर ८०० वॅट लागतात, १३.८ व्होल्टने भागा, ५८ अँपिअर झाले. मग दिवे आणि वायपर कशावर चालणार? ‘डी’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरला त्याच आवाजासाठी ३५-४० अँपिअर पुरतात. गाण्यात सतत एवढा जोर नसतो, हे खरे. पण इंजिन बंद ठेवून सरासरी १० अँपिअर जरी ओढले, तरी ४० अँपिअर-तासाची बॅटरी दोन तासांत अर्धी होते आणि स्टार्टर कुरकुरू लागतो. बाजार तर सहा तासांचा! पावसाळ्यात नवजाच्या ओझर्डे धबधब्याकडे येणारी हौशी मंडळीही गाणी वाजवून झाली की धक्का मारायला माणसे शोधतात.

माझ्या मते यात पोराचा कसूर कमी, विकणाऱ्याचा जास्त. आम्ही तागा विकतो तेव्हा पन्हा सांगतो, धुतल्यावर किती आटेल तेही सांगतो. खोक्यावरचे वॅट मात्र पहिल्याच धुण्यात आटतात. पूर्वी टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ छापून हाच खेळ चालत असे. तारेचेही तेच. आम्हाला मिळालेली तार ॲल्युमिनियमची, वर तांब्याचा मुलामा, खोट्या जरीसारखी. चाकूने खरवडली की आतून पांढरी निघते. अस्सल तांब्याएवढी वीज ती वाहू शकत नाही, म्हणून तापते. विकणाऱ्याने बिलावर तीन गोष्टी लिहून द्याव्यात : किती अँपिअर ओढणार, तार किती जाडीची, फ्यूज केवढा. तो फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून दीड फुटाच्या आत हवा. तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी वाचवतो तो हाच. गिऱ्हाइकाने या तीन गोष्टी विचारल्या आणि दुकानदाराला सांगता आल्या नाहीत, तर खुशाल दुसरे दुकान गाठावे.

बाजारात कर्णा लावायला परवानगी लागते, हे सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहेच. ती आम्ही आता काढतो. गाणी बंद केली, फक्त भाव पुकारतो. त्यासाठी लहान ॲम्प्लिफायर आणि वेगळी बॅटरी घेतली. रात्री ती ओसरीवर, हवेशीर जागी चार्जरला लागते. व्हॅनची बॅटरी व्हॅनपुरतीच ठेवली आहे.