दुकान बंद झाले, रोग्याचे काय?

कोरोनाच्या साथीत शासनाने दारूविषयी जे निर्णय घेतले त्यांचा हिशेब शांतपणे मांडण्याची वेळ आली आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. महाराष्ट्रातील परवान्याची दारूदुकाने बंद राहिली, आणि ४ मेपासून त्यांतील पुष्कळशी पुन्हा उघडली. मध्ये चाळीस दिवस गेले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली तर त्याच्या देहाचे काय होते, हा प्रश्न दुकाने बंद करताना विचारला गेला नाही आणि उघडतानाही विचारला गेला नाही. बंद करताना गर्दीचा विचार होता, उघडताना तिजोरीचा. रोग्याचा विचार दोन्ही वेळी राहून गेला.

व्यसनाधीनता हा आजार आहे, हे वाक्य आता सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्याचा वैद्यकीय अर्थ फार थोड्यांनी ध्यानात घेतला आहे. दारूला सरावलेल्या मज्जासंस्थेला ती अचानक मिळेनाशी झाली की काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. त्यानंतरच्या एकदोन दिवसांत काही रोगी भ्रमावस्थेत जातात. त्यांना नसलेली माणसे व किडे दिसू लागतात, आणि उपचार न मिळाल्यास त्यांतले काही दगावतात. यावरील औषधे दुर्मिळ नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारख्या गोळ्या, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि चारसहा दिवसांची देखरेख एवढ्यावर बहुसंख्य रोगी सावरतात. म्हणजे हा मृत्यू टाळता येण्याजोगा आहे, आणि तोही अल्प खर्चात.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांकडे या दृष्टीने पाहावे. घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहिला; त्यामागोमाग साखर कारखाने आणि गुऱ्हाळे आली. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि दौंड तर रेल्वेचे जुने जंक्शन. ऊसतोड मजूर, गुऱ्हाळावरचा कामगार, कंत्राटी कामगार, हमाल असा देहाच्या कष्टावर जगणारा मोठा वर्ग येथे आहे. दिवसभराच्या श्रमाचा शीण उतरवण्याचे एकच साधन समाजव्यवस्थेने त्याच्या हाताशी ठेवले आहे, आणि ते बाटलीत आहे. टाळेबंदीत त्याची मजुरी थांबली आणि बाटलीही थांबली. मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर पुणे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर दूर, एस. टी. बंद, प्रवासी रेल्वे बंद, रस्त्यावर पोलिसांची नाकेबंदी. मध्यमवर्गीय रोग्याला निदान फोनवर डॉक्टरांचा सल्ला घेता आला. झोपडीत थरथरत पडलेल्या मजुराच्या बायकोने नवऱ्याला कोठे न्यावयाचे होते?

अशा वेळी परवान्याचे दुकान बंद झाले म्हणून दारू बंद होत नाही. ती काळ्या गुळाच्या आणि नवसागराच्या हातभट्टीकडे सरकते, आणि तीही न मिळाल्यास माणूस मिळेल त्या द्रवाला तोंड लावतो. २०२० च्या जुलैअखेरीस आंध्र प्रदेशातील कुरिचेडू येथे सॅनिटायझर पिऊन किमान दहा माणसे दगावली. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांत, आपल्याच राज्यात यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सात जणांचा तसाच अंत झाला. या मृत्यूंना केवळ अज्ञान म्हणून निकालात काढणे म्हणजे जबाबदारी मृतांवर ढकलणे होय.

केरळ सरकारने या प्रश्नाची दखल तरी घेतली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश त्याने ३० मार्च २०२० रोजी काढला. दारूच्या रोगावर दारू हे औषध नव्हे, असा आक्षेप डॉक्टरांच्या संघटनांनी घेतला आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. आक्षेप रास्त होता. परंतु रोगी अस्तित्वात आहे, एवढे तरी त्या आदेशाने मान्य केले होते.

महाराष्ट्रात निर्णायक ठरला तो महसूल. त्यामागचे अर्थकारण समजून घेतले पाहिजे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्यांच्या स्वतःच्या हाती फारच थोडे कर उरले. त्यांत मद्य आणि पेट्रोल-डिझेल हे प्रमुख. व्यवहार ठप्प झाल्यावर राज्ये मद्याकडे वळली ती यामुळे. दिल्लीने मे २०२० मध्ये दारूवर सत्तर टक्के ‘विशेष कोरोना शुल्क’ लावले. महाराष्ट्राने त्याच महिन्यात दारू घरपोच देण्यास मुभा दिली. २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात असलेली दारूबंदी उठवण्याचा निर्णय मे २०२१ मध्ये, साथ ऐन भरात असताना झाला. पुढे जून २०२५ मध्ये मद्यावरील शुल्क वाढवण्यात आले, आणि त्यातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये अधिक मिळतील अशी अपेक्षा सांगण्यात आली. व्यसनी माणसाच्या मागणीला लवचीकता नसते. किंमत वाढली की तो दारू कमी करीत नाही. घरातले दूध, मुलांच्या वह्या आणि बायकोचे औषध कमी होते. म्हणून हा कर दिसायला चैनीवरचा, पण भरतात तो गरिबांच्या घरातील स्त्रिया आणि मुले.

टाळेबंदीने दारूबंदी शक्य असल्याचे दाखवून दिले, असे काही दारूबंदीवादी मित्र म्हणतात. त्या चाळीस दिवसांत काहींची दारू सुटली, हे खरे आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातील निर्देशही स्पष्ट आहे. परंतु उपचाराविना लादलेली बंदी सर्वांत दुबळ्या रोग्याचा बळी घेते आणि हातभट्टीवाल्याला श्रीमंत करते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणाने दाखवून दिले की, औषध, सहवास आणि दीर्घ पाठपुरावा यांनी माणूस परत उभा राहतो. ही सोय किती जणांना मिळते? केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कोणता ना कोणता उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस जणांकडून शासन कर तेवढा घेते.

तेव्हा मागणी नेमकी असावी. शिरूर, न्हावरे व यवत येथील ग्रामीण रुग्णालयांत आणि दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात दारू सोडणाऱ्या रोग्यासाठी काही खाटा राखून ठेवाव्यात. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना या उपचाराचे प्रशिक्षण मिळावे आणि औषधांचा साठा कायम असावा. आशा कार्यकर्तीला योग्य मोबदला देऊन पाठपुराव्याचे काम सोपवावे. या सर्वांसाठी तालुक्यातून गोळा होणाऱ्या मद्यशुल्काचा ठरावीक वाटा त्याच तालुक्यात खर्च व्हावा. गावातील दुकान बंद करण्यासाठी स्त्रिया मतदानाची मागणी करतील तेथे कार्यकर्त्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावेच. मात्र दुकान बंद होण्यापूर्वी त्या गावातील रोग्यांची यादी रुग्णालयात पोचलेली असावी. साथी पुन्हा येतील, दुकानेही पुन्हा बंद होतील. त्या वेळी रुग्णालयाचे दार उघडे राहावे, याची तयारी आजच केली पाहिजे.