चौकटी कंसात काय लिहायचं?

दुसऱ्याने वापरावी म्हणून लॅटेकची कमांड बनवणाऱ्याने ती टाइप करताना एडिटर सुचवतो त्या यादीत कंसांसकट नोंदवल्याशिवाय काम संपलं म्हणू नये, असं माझं मत आहे. लॅटेक म्हणजे गणिताची पुस्तकं, प्रबंध, प्रश्नपत्रिका जुळवण्याची व्यवस्था. डोनाल्ड क्नुथ यांच्या टेकवर लेस्ली लँपोर्ट यांनी १९८०च्या दशकात उभी केलेली. तिच्यात स्वतःच्या कमांड बनवता येतात. गोची तिथेच आहे.

आमच्या विभागात एका निवृत्त सरांनी केलेली स्टाइल फाइल आजही चालते. तिच्यातल्या ‘प्रश्न’ या कमांडला महिरपी कंसात प्रश्न द्यायचा. त्याआधी चौकटी कंस दिला तर त्यात गुण; नाही दिला तर ५ धरले जातात. सगळ्यांची बेरीज पत्रिकेच्या डोक्यावर आपोआप छापली जाते. काम सुरेखच आहे. पण टायपिंग करणाऱ्या ताईंना एडिटर काय दाखवतो? कमांडचं नाव आणि महिरपी कंसांची एक जोडी. चौकटी कंस येतच नाही. मग दहा गुणांच्या प्रश्नापुढे ताई हाताने ‘१० गुण’ लिहितात, शेजारी ५ छापले जातात आणि वरची बेरीज चुकते. यात ताईंचा काय दोष?

एडिटरने व्याख्या वाचून हे ओळखावं, असं म्हणता येईल. काही एडिटर ओळखतातही. कमांड बनवायच्या ‘न्यूकमांड’मध्ये नावानंतर दोन चौकटी कंस येऊ शकतात: पहिल्यात एकूण आर्ग्युमेंट (कमांडला कंसात द्यायच्या गोष्टी) किती, दुसऱ्यात पर्यायी आर्ग्युमेंटची ठरलेली किंमत. दुसरा कंस दिसला की पहिलं आर्ग्युमेंट पर्यायी, एवढं यंत्राला कळतं. पण ते ५ म्हणजे गुण, मिनिटं, की उत्तरासाठी सोडायच्या ओळी? ते सरांनाच ठाऊक. शिवाय ‘न्यूकमांड’ला पर्यायी आर्ग्युमेंट एकच चालतं. ऑक्टोबर २०२०मध्ये लॅटेकच्या गाभ्यात आलेल्या ‘न्यूडॉक्युमेंटकमांड’ला अशी अनेक घेता येतात, म्हणजे कोड्यात भरच.

उपाय अगदी किरकोळ आहे. टेकस्टुडिओ आणि काइल हे एडिटर सीडब्ल्यूएल नावाची साध्या मजकुराची फाइल वाचतात. त्या फाइलला पॅकेजचंच, म्हणजे स्टाइल फाइलचंच, नाव देऊन ती टेकस्टुडिओच्या फोल्डरमध्ये ठेवली की पॅकेजबरोबर तो तीही उचलतो. ‘प्रश्न’साठी तिच्यात दोन ओळी पुरतात: एक चौकटी कंसाविना आणि एक कंसासह, त्या कंसात ‘गुण’ हा शब्द. ताईंच्या यादीत मग दोन्ही रूपं दिसतील आणि कंसात काय भरायचं तेही. (ईमॅक्स या एडिटरवर ऑक्टेक वापरणाऱ्यांना हेच लिस्प भाषेत लिहावं लागतं. ते लोक आनंदाने लिहितात.)

‘व्याख्या उघडून वाचा की!’ असं सांगणारे प्राध्यापक मला भेटतात. परीक्षेच्या तोंडावर विभागभरच्या पत्रिका टाइप करणाऱ्या माणसाने दुसऱ्याचा कोड वाचत बसावं, ही अपेक्षा मला उद्धटपणाची वाटते. कोड लिहिणाऱ्याला अर्थ आधीच माहीत असतो आणि दोन ओळींना त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

विद्यापीठं प्रबंधासाठी लॅटेकचे साचे देतात. त्या झिपमध्ये स्टाइल फाइल असते, नमुन्याची पीडीएफ असते. सीडब्ल्यूएलही त्यातच हवी आणि ती नसेल तर साचा मंजूर होऊ नये.