यंत्राला थांबण्याचा अधिकार

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि त्या दिवशी आठ कामगार प्राणास मुकले. अशा दुर्घटनेनंतर चौकशी, मदत, वारसाला नोकरी या मागण्या ओघाने येतातच. ‘तेथे यंत्रमानव का नेमत नाहीत?’ असेही कोणी विचारतो. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर यंत्राच्या चाकांत नाही, त्याच्या निर्णयव्यवस्थेत आहे.

चाके आपल्याकडे आहेतच. पुण्याच्या दिघीतील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने घडवलेला ‘दक्ष’ जिने चढतो, संशयित वस्तू क्ष-किरणांनी तपासतो. २०११ मध्ये तो लष्कराच्या हाती आला. पण तो चालतो दूर बसलेल्या जवानाच्या हुकमाने. बॉम्ब क्वचित सापडतो, तेथे हे पुरते. निर्माणीत तेच काम पाळीमागून पाळी चालते. पडद्यावर डोळे लावून बसलेल्या माणसाचे लक्ष कधीतरी ढळणारच.

मग यंत्राने स्वतः वाट काढावी. अमेरिकेत १९६६ ते १९७२ या काळात घडलेला ‘शेकी’ आधी पाही, मग बेत आखी आणि मग हले. दरम्यान कोणी खोके सरकवले की मुसळ केरात! १९८६ मध्ये रॉडनी ब्रूक्स यांनी वेगळी रचना मांडली. टक्कर टाळणारा तळाचा थर सदैव जागा ठेवायचा, त्याला वरच्या विचाराची वाट पाहायला लावायची नाही. पुढे दोहोंची सांगड घातली गेली. भंडाऱ्याच्या वाचकाला हे रोवणीवरून सहज कळेल. कोणत्या बांधीत रोवणी करायची ते मालक ठरवतो, माणसे मुकादम लावतो. पण चिखलात साप दिसताच हात मागे घेणारी बाई कोणालाही विचारत नाही.

स्फोटकांच्या इमारतीत कमीत कमी माणसे, कमीत कमी वेळ असावीत, हे या धंद्यातले जुनेच तत्त्व. तेव्हा दोन इमारतींमधली वाहतूक आधी यंत्राकडे द्यावी, असे आमचे मत आहे. तेथील वाट ठरलेली असते. यंत्राची मोटार ठिणगी पाडणार नाही, याची खात्री अर्थातच पहिली. आत मात्र नुसते थांबणेही सुरक्षित नसते. घोटले जाणारे मिश्रण मध्येच सोडून यंत्र उभे राहिले, तर पुढे काय, हे ते सुरू करण्यापूर्वीच ठरलेले हवे. आणि उत्पादनाचा आकडा गाठायचा म्हणून तळाच्या थराचा इशारा दाबून टाकणारे बटण कोणाच्याही टेबलावर असता कामा नये.

यंत्र येईल तेव्हा येईल. त्या छताखाली उभ्या असलेल्या कामगाराला वरिष्ठांना न विचारता काम थांबवता येते काय, हे मात्र आजच विचारायला हवे.