काळ्या खिडकीतला सिनेमा

दिवाळीला घरी गेलो होतो. घर म्हणजे आंजी (मोठी), वर्ध्याहून आर्वी रोडनं. संध्याकाळच्या चहाला आईबाबांचं ठरलेलं भांडण सुरू झालं. लग्नानंतर वर्ध्याला जाऊन दोघांनी पहिला सिनेमा कोणता पाहिला? बाबा म्हणतात 'माहेरची साडी', आई म्हणते 'झपाटलेला'. लग्न १९९४ चं. शेवटी बाबा माझ्याकडे वळले, "एवढा इंजिनेर झाला ना तू? पाह्य मंग त्या डब्यात!"

फोनवर शोधलं असतं तर दोन मिनिटांचं काम, मान्य. पण आमच्याकडे रेंज गच्चीवर येते, आणि सिनेमाच्या आधी जाहिराती उघडतात. म्हणून (खरं तर खाज म्हणून) लॅपटॉप काढला आणि टर्मिनलवर चालणारा छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. नाव टंकायचं, वर्ष, दिग्दर्शक, कलाकार हजर. अशी माहिती फुकट देणाऱ्या सेवा आहेत. नोंदणी केली की एक की मिळते, विचारलं की जेसनमध्ये उत्तर येतं. पायथॉनच्या चाळीस ओळी. चहा निवायच्या आत झालं.

आणि इथंच बहुतेक लोक थांबतात. प्रोग्रामिंगच्या निम्म्या शिकवण्यांमध्ये हाच प्रोजेक्ट असतो. सगळे 'इन्सेप्शन' शोधून बघतात, उत्तर येतं, खूश! माझं म्हणणं एवढंच, की एकदा 'झपाटलेला' देवनागरीत टंकून बघा. मला कोरडं उत्तर आलं, 'सापडला नाही'. रोमनमध्ये 'झेड' घालून विचारलं तर लगेच मिळाला, 'जेएच' घातलं तर पुन्हा गायब. 'अशी ही बनवाबनवी'चं तर विचारूच नका. 'व्ही' की 'डब्ल्यू', एक शब्द की दोन? म्हणजे आपलाच सिनेमा शोधायला आधी कुणीतरी केलेलं रोमन स्पेलिंग ओळखायचं. हे आपण इतकं अंगवळणी पाडून घेतलंय की त्यात काही चुकतंय असं वाटतही नाही.

तोडगा विकिडेटावर मिळाला. तिथं एकाच गोष्टीला प्रत्येक भाषेत वेगळं नाव देता येतं आणि सिनेमाच्या नोंदीत त्याचा आयएमडीबीचा क्रमांकही असतो. मग देवनागरी नावावरून क्रमांक काढायचा आणि क्रमांकावरून बाकीची माहिती. मराठी नाव नसेल तर आपणच घालायचं, एक मिनिट लागतं. (तक्ता सरळ दिसेना ही वेगळी कटकट. 'श्वास'मध्ये डोळ्यांना अक्षरं दोन दिसतात, पायथॉन मोजतो पाच. रकाने वाकडेच. असो.)

तर निकाल: 'माहेरची साडी' १९९१, 'झपाटलेला' १९९३. आई म्हणाली, "पाहा, मीच बरोबर!" बाबा म्हणाले, "काहून? आपल्याकडे कुठं तवाच लागे सिनेमा?" मुद्दा बिनतोड होता. प्रदर्शनाचं वर्ष डेटाबेसमध्ये आहे. आपल्या भागात पडद्यावर तो कधी लागला, पुन्हा कितीदा लागला, हे कुठंच नाही. भांडण जिथल्या तिथं.

खुद्द आयएमडीबीची सुरुवात बघा. ऑक्टोबर १९९० मध्ये कॉल नीडहॅम नावाच्या इंग्लंडमधल्या प्रोग्रामरनं यूजनेटवर काही युनिक्स स्क्रिप्ट टाकल्या. सिनेमाप्रेमींनी हातानं जमवलेल्या याद्या त्यातून शोधता येत. म्हणजे तीही कमांड-लाईनच! तेव्हा वेबवर काही नव्हतंच. हा माणूस स्वतः पाहिलेल्या सिनेमांची नोंद ठेवायचा. ॲमेझॉननं ती साईट घेतली १९९८ मध्ये. आपण मात्र तयार सेवेला चाळीस ओळी चिकटवतो आणि त्याला 'ॲप' म्हणतो. त्या याद्या कुणीतरी टंकल्या होत्या, तसं आपल्याला काही टंकायचं आहे का, हे कुणी विचारत नाही.

मग मी प्रोग्रामला स्वतःचा तक्ता जोडला. कोणी पाहिला, कुठं, कधी. पहिलीच नोंद करताना गावाचं नाव टाकलं आणि शेलनं कंसावर बोट ठेवलं, सिंटॅक्स एरर! आमच्या गावाच्या नावातच कंस, त्याला शेल काय करणार. अवतरण चिन्हांत घातलं तेव्हा गाडी पुढं गेली.

रात्री आबाजींजवळ बसलो. ऐंशी पार केलेत, हल्ली माणसांची नावं सुटतात. "आबाजी, तुम्ही पहिला सिनेमा कोणता पाहिला?" पटकन म्हणाले, "श्यामची आई." जत्रेतल्या तंबूत, खाली बारदान्यावर बसून. सिनेमा १९५३ चा, पण हे नक्कीच त्यानंतर काही वर्षांनी. २०२३ मध्ये त्याच नावाचा दुसरा आला, म्हणून मी जुना क्रमांक नीट तपासून टाकला. मशीन मधेच बंद पडायचं, मग लोक शिट्ट्या मारायचे, हेही त्यांनी सांगितलं. ते मी टंकत होतो.

"कोणत्या साली, आबाजी?"

थोडा वेळ विचार केला. "साल नाही बाप्पा ध्यानात. कापूस वेचून झाला होता."

माझ्या तक्त्यात वर्षाचा रकाना आकड्यांचा होता, दुसरं काही घेतच नव्हता. तो मजकुराचा केला आणि त्यांनी सांगितलं तसंच टंकलं.